टाकीतला मृतसाठा

माझ्या दिराला तोंडावर मी अहो-जाहो करते. भावजी म्हणते, तव्यावरची पहिली भाकरी त्याच्या ताटात वाढते, आणि तो दिल्लीहून येणार म्हटलं की धुतलेलं पांघरूण बाहेर काढते. इथे लिहिताना मात्र अरे-तुरेच करणार आहे. एवढी मोकळीक मला हवी. नावं कुणाचीच घालणार नाही. पाटोद्याच्या लोकांना नावांची गरज पडणार नाही आणि बाकीच्यांना ती सांगून उपयोग नाही.

आमचा पेट्रोल पंप गावाबाहेर बीडच्या रस्त्याला आहे. सासऱ्यांनी टाकलेला. जमिनीखाली एक टाकी पेट्रोलची, एक डिझेलची, वर एक काचेची केबिन आणि केबिनच्या पाठीला लागून घर. नवरा गेला त्याला आठ वर्षं झाली, तेव्हापासून पंप मी चालवते. दुखवट्याला बसलेली माणसं उठायच्या आत दीर म्हणाला होता, "वैनी, तेलाचे दिवस भरलेत. आता समदं विजेवर चालणार. किंमत येतीय तवर विकून मोकळ्या व्हा." मी विकला नाही. आजही सकाळी सातला माझ्याकडे रांग असते. विजेवरची गाडी पाटोद्यात दिसते ती कुणाच्या तरी पाहुण्याची, तीही बॅटरी उतरेल या धास्तीने बीडकडे पळत सुटलेली.

भाव सांगणं हाच त्याचा धंदा आहे. दिल्लीत एका संस्थेत बसून तो तेलाच्या भावाचा अंदाज काढतो. कोणत्या आखातात जहाजं अडकली, कोणत्या देशाने विहिरींचा उपसा कमी केला, डॉलर किती चढला, हे सगळं कोष्टकात घालायचं आणि सहा महिन्यांनी तेल कितीला पडेल ते सांगायचं. त्यावरून देशाने किती दिवसांचं तेल साठवून ठेवावं, कुठे ठेवावं, याचे आराखडे करायचे. ऊर्जा सुरक्षा म्हणतात त्याला. तो टीव्हीवर येतो तेव्हा निळा कोट घालतो आणि दर वेळी तीन शक्यता सांगतो: भाव चढेल, भाव राहील, भाव उतरेल. पाडव्याला पंचांग वाचायला येणारे आमचे जंगमस्वामीसुद्धा पावसाबद्दल एकच काय ते सांगतात आणि चुकले तर पुढच्या वर्षी शिव्या खातात. याला शिव्या कोण घालणार? तिन्हीतलं एक खरं होणारच.

एकदा त्याने टीव्हीवर पहिली शक्यता जरा जोरात सांगितली. दुसऱ्या दिवशी निम्मा तालुका कॅन आणि पिंप घेऊन माझ्या दारात. "वैनी, तुमचे दीर म्हन्ले भाव भडकणार." जगात भाव खरंच भडकला असेल, मला ठाऊक नाही. माझ्या पाटीवरचा आकडा पुढे कितीतरी महिने जागचा हलला नाही, कारण तो आकडा कोष्टकाने ठरत नाही, कुठल्या राज्यात मतदान आहे त्यावर ठरतो. हे पंपावर हवा भरणाऱ्यालाही कळतं. लोकांनी भरून नेलेलं डिझेल घरात वास मारत पडलं आणि बोलणी मला बसली.

सांगायचं आहे ते याच्या पुढचं.

आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, त्याची आई. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या दोन्ही किडन्या गेल्या. दर मंगळवारी आणि शुक्रवारी मी त्यांना जुन्या जीपमध्ये घालून बीडला डायलिसिसला नेते. चार तास सुई, दोन्ही वेळचा रस्ता, घरी येईस्तोवर दिवस मावळतो. एक वार चुकला तर पाय सुजतात, दोन चुकले तर दम लागतो. तिसरा काही आम्ही चुकवून बघितलेला नाही. दीर फोनवर विचारतो, "आईचं कसं हाय?" मी सांगते, "हाय." याहून जास्त बोलणं आमच्यात होत नाही.

गेल्या हिवाळ्यात आत्याबाईंच्या हातावरची डायलिसिसच्या सुईची शीर पुन्हा जोडायची होती म्हणून तो आठवडाभर आला होता. दवाखान्यात एक दिवस बसला, बाकीचे दिवस लॅपटॉप घेऊन माझ्या केबिनमध्ये. तेवढ्यात तहसीलला वरून पत्र आलं की प्रत्येक तालुक्याने टंचाईच्या काळासाठी इंधन आराखडा करावा. टँकर बंद पडले तर ॲम्ब्युलन्स, पाण्याचे टँकर, पोलिसांच्या गाड्या किती दिवस चालतील, ते लिहून द्यायचं. तहसीलदारांना टीव्हीवरचा माणूस घरबसल्या मिळाला. आमच्या भावजींनी मोठ्या मनाने होकार दिला. आयजीच्या जिवावर बायजी उदार.

पंधरा मिनिटांत त्याचं कोष्टक तयार झालं आणि अडलं. साठा किती दिवस पुरायला हवा ते वरून ठरलेलं होतं, आणि तालुक्यातल्या सगळ्या पंपांचा साठा धरूनही दीड दिवस कमी पडत होता. त्याने लॅपटॉपवरून मान न काढता विचारलं, "वैनी, डिझेलच्या टाकीत तळाला कायम किती ऱ्हातं?"

"अकरा सेंटिमीटर," मी म्हणाले. "ते डेड स्टॉक. ते धरू नका."

ज्यांनी पंप पाहिलाय पण टाकी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. टाकीतून डिझेल वर ओढणारा पाइप तळापर्यंत जात नाही. मुद्दाम अकरा सेंटिमीटर वर थांबवलेला असतो, कारण तळाला गंज, गाळ आणि पावसाळ्यात झिरपलेलं पाणी बसतं. रोज सकाळी मी पितळी काठी टाकीत सोडते, तिला डिप म्हणतात, आणि काठी किती ओली झाली ते वाचते. काठी अकरावर आली की यंत्र हवा ओढतं आणि खोकल्यासारखा आवाज करतं. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार म्हणतात. इथे आडात असतं, पण पोहरा पोचत नाही.

त्याने 'डेड स्टॉक' असं लिहिलं नाही. आराखडा मराठीत हवा होता. त्याने टंकलं: मृतसाठा. आणि दीड दिवसाचा खड्डा भरून निघाला.

हा शब्द बीड जिल्ह्यात काय आहे, ते बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. आमच्याकडे मृतसाठा म्हणजे हक्काचं पाणी. दुष्काळात धरण मृतसाठ्यात गेलं की पेपरात बातमी येते आणि मग खरी कामं सुरू होतात. चर खणायचा, तराफ्यावर मोटारी बसवायच्या, आणि जे पाणी कालव्यात येत नाही ते उपसून गावाला प्यायला द्यायचं. उन्हाळेच्या उन्हाळे आम्ही त्या गढूळ पाण्यावर काढलेत. त्यामुळे मृतसाठा म्हटलं की इथला माणूस घाबरत नाही, उलट त्याचा जीव भांड्यात पडतो. दिल्लीचा, पुण्याचा माणूस ही चूक करणार नाही. ती आम्हीच करू शकतो.

तहसीलच्या बैठकीत मी उभी राहिले आणि म्हणाले की हा आकडा काढा, टाकीच्या तळाचं डिझेल यंत्राला ओढता येत नाही. पाटबंधाऱ्याचे एक अभियंता होते. त्यांनी मला समजावलं, "ताई, असं कसं? आमी धरणाच्या मृतसाठ्यावर आख्खी दोन वर्सं लोकं जगवलीत. उपसायची इच्छा पायजे." सगळे हसले.

"धरणात मोटार सोडली तर पाणी येतं," मी म्हणाले. "डिझेलच्या टाकीत घरची मोटार सोडली तर तुमी, मी आन् तहसील समदंच वर जाईल. आन् तळाचा तो राडा ॲम्ब्युलन्समधी घातला तर ती धर्माच्या नावानं बी चालणार न्हाई."

"त्या तांत्रिक बाबी नंतर बघू," तहसीलदार म्हणाले. माझा दीर शेजारच्या खुर्चीवर होता. पंप त्याच्या बापाचा. काठी हातात धरायला तो माझ्याआधी कितीतरी वर्षं शिकलेला. मी त्याच्याकडे पाहिलं. तो लॅपटॉपच्या पडद्यावर अक्षरांचा आकार लहानमोठा करत बसला. मला तेव्हा वाटलं, दिल्लीत राहून विसरला असेल. विसरला असेल म्हणून मी त्याला मनातल्या मनात माफसुद्धा केलं. माझ्या त्या माफीची मला आज लाज वाटते.

आराखडा मंजूर झाला. नियम असा: टंचाई आली की पंपाने लोकांना विकत राहायचं ते साठा मृतसाठ्यापर्यंत उतरेस्तोवर. तिथे थांबायचं. उरलेला मृतसाठा फक्त तहसीलच्या चिठ्ठीवर, अत्यावश्यक गाड्यांना. म्हणजे जे येऊ शकतं ते सगळं विकून टाका आणि जे येऊच शकत नाही ते ॲम्ब्युलन्ससाठी राखून ठेवा. मोबाईलवर एक गट केला, त्यात सगळे पंपवाले, तहसीलचे लोक आणि सल्लागार म्हणून माझा दीर. रोज सकाळी काठीचा आकडा त्या गटात टाकायचा.

उन्हाळा लागला आणि डेपोवर टँकरवाल्यांनी संप केला. पहिल्या दिवशी कुणाला खरं वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी रांग शाळेच्या फाटकापर्यंत गेली. तिसऱ्या दिवशी सकाळी मी काठी सोडली आणि ती पंधरावर आली. म्हणजे यंत्राला येईल असं चार सेंटिमीटर डिझेल उरलं होतं. आमच्या टाकीत ते अडीचशे लिटर भरतं.

नियमाने मी ते विकायला हवं होतं. तासाभरात संपलं असतं आणि मग पहिली ॲम्ब्युलन्स येऊन माझ्या दारात उभी राहिली असती. दुसऱ्या दिवशी मंगळवार होता. मी गटात लिहिलं, अकरा. केबिनच्या काचेवर पाटी लावली, डिझेल संपले आहे. यापूर्वी मी काठीचा आकडा कधी खोटा लिहिलेला नव्हता. माझा नवरा थेंबाथेंबाला खरा माणूस होता, आणि मी त्याच्या खुर्चीत बसून खोटं लिहिलं. पश्चात्ताप वाटला नाही. राग आला होता, आणि रागात माणसाला बरंच काही जमतं.

पाटी लावून अर्धा तास झाला नसेल, ऊसतोडीवरून परत निघालेल्या लोकांचा एक ट्रक पंपावर येऊन थांबला. वर संसार, शेळ्या, सायकली, आणि त्यावर माणसं. मुकादम उतरून आला. "ताई, धर्मापुरीकडं जायचंय. तीस लिटर टाका, गाडी खाली झालीय."

"संपलं."

"ताई, लेकरं हायत वर."

"संपलं म्हन्ले ना."

ते लोक पंपावरच थांबले. दुसरीकडे जाणार कशावर? बायकांनी भिंतीच्या सावलीला पातेली उतरवली. मी त्यांना पाणी दिलं, संडासाची किल्ली दिली, माझ्या हाताने चहा केला. हे सगळं मी का करत होते ते मला कळत होतं. दुपारी ॲम्ब्युलन्स आली, चिठ्ठी घेऊन. मी पाटीच्या शेजारी उभी राहून यंत्र सुरू केलं. मुकादम तिथेच बसला होता. त्याने नळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"संपलंय व्हय वो ताई?"

"सरकारी हाय. चिठ्ठीवरचं."

त्याच्या मागचा एक तरणा दुसऱ्याला ऐकू जाईल असं म्हणाला, "चल बे, ह्यांची लेकरं ती लेकरं आन् आपली ती मेंढरं." माझ्यावर आजवर बऱ्याच लोकांनी आवाज चढवलाय. त्यांना मी उलट उत्तर दिलंय. त्याला दिलं नाही.

संध्याकाळच्या आत आणखी एक चिठ्ठी आली. पाण्याचा टँकर असेल म्हणून मी उठले. पांढरी गाडी होती, आत एक साहेब. चिठ्ठीवर लिहिलं होतं, टंचाई पाहणी दौरा. चाळीस लिटर. टंचाईची पाहणी करायला टंचाईतलं डिझेल. मी टाकलं. काय करणार होते? सही खरी होती, शिक्का खरा होता, खोटी फक्त मी होते.

मंगळवारी सकाळी मी जीप यंत्रापाशी घेतली आणि बारा लिटर भरलं. माझ्याकडे चिठ्ठी नव्हती. ऊसतोडीची माणसं अजून तिथेच होती, रात्रभर त्यांनी माझ्या फरशीवर काढली होती. सगळे बघत होते. आत्याबाईंना जीपची पायरी चढवेना, पाय भरून आले होते. मी एकटी त्यांना उचलत होते, तेवढ्यात ट्रकवरची एक बाई उठून आली. तिने आत्याबाईंच्या कमरेला हात घातला आणि त्यांना सीटवर बसवलं. त्यांच्या हातावरची फुगलेली शीर तिने पाहिली. "न्या म्हातारीला," ती मला म्हणाली, "आमचं काय, आमी बसतोत." मी थँक्यूसुद्धा म्हणाले नाही. दुपारनंतर कुठून तरी त्यांना कॅन मिळाला आणि ट्रक गेला, असं नळीवरच्या माणसाने मला परत आल्यावर सांगितलं.

त्या दिवसांत दीर दिल्लीहून रोज फोन करत होता. "वैनी, काठी किती?" मी सांगायचे, "अकरा." दुसऱ्या दिवशी, "वैनी, चिठ्ठ्या चालल्यात का?" "चालल्यात." "काठी?" "अकराच्या खाली." तो म्हणायचा, "बरं." मला वाटायचं, किती बिनडोक माणूस आहे हा, यंत्र अकराच्या खालचं ओढतं कसं, एवढंही विचारत नाही.

पाचव्या दिवशी संप मिटला. टाकीतले ओढता येण्यासारखे शेवटचे लिटर त्या सकाळी पाण्याच्या टँकरला गेले होते. मी पाटी काढली आणि झोपले.

पंधरवड्याने कळलं की आमचा तालुका जिल्ह्यात पहिला आलाय. बाकी ठिकाणी ॲम्ब्युलन्स अडल्या होत्या, आमच्याकडे एकही नाही. अहवालात वाक्य होतं: मृतसाठ्याचा प्रत्यक्ष वापर यशस्वी. अभियंता पंपावर आले आणि मला म्हणाले, "बघा ताई, म्हन्लं नव्हतं? इच्छा पायजे." आता हाच आराखडा सगळ्या तालुक्यांना लागू करायचं चाललं होतं. म्हणजे आष्टीला, केजला, सगळीकडे पंपवाले निमूट अकरापर्यंत विकणार आणि ॲम्ब्युलन्सला हवा देणार. माझ्या खोट्या आकड्याने दिराचा खोटा आकडा खरा केला होता. मी तोंड उघडलं तर माझा परवाना जाणार, मिटलं तर कुणाचा तरी माणूस.

मी आठ दिवस विचार केला आणि ठरवलं की दीर आला की त्यालाच सांगायचं. आराखडा त्याचा, त्यानेच दुरुस्त करावा. तो आला सोमवारी. बीडला अधिकाऱ्यांसमोर त्याला आराखडा दाखवायचा होता, वाटेत आईला भेटायला तासभर उतरला. नेमके तीन दिवसांपासून पुन्हा टँकर आले नव्हते. डेपोवर परत काहीतरी बिनसलं होतं. त्या सकाळी काठी परत पंधरावर होती आणि गटात मी अजून काही लिहिलं नव्हतं.

केबिनमध्ये आम्ही तिघं. आत्याबाई दाराशी खुर्चीत, लेक आला म्हणून नवं लुगडं नेसलेल्या. मी दार लोटलं आणि सगळं सांगितलं. पंधरा होते, अकरा लिहिले. मृतसाठ्यातला एक थेंब वर आला नाही. पाटी खोटी, अहवाल खोटा. आजच्या बैठकीत हे सांगा आणि तो आकडा काढा, माझं काय व्हायचं ते होऊ दे.

त्याने चहाचा कप खाली ठेवला नाही. म्हणाला, "ठाऊक हाय मला."

"काय ठाऊक हाय?"

"वैनी, बापाच्या हाताखाली मी धा वर्सं काठी धरलीय. अकराच्या खालचं येतं का कवा?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. "मग लिवलं कावून?"

"दिवस भरत नव्हते. वरून जेवढे दिवस मागतेत तेवढे भरावं लागतेत, न्हाईतर आराखडा परत येतो." त्याने एक घोट घेतला. "आन् मला खात्री होती. तुमी समदं विकून रिकाम्या बसणार न्हाई. आईचा मंगळवार हाय. तुमी चार बोटं राखणारच. मी ते धरूनच लिवलं."

जगातला एक भाव त्याला कधी नीट सांगता आला नाही. माझा मात्र त्याने सेंटिमीटरपर्यंत बरोबर काढला होता. स्वतःच्या आईला त्याने एका बाजूला ठेवलं, माझ्या हातून होणारा गुन्हा दुसऱ्या बाजूला, आणि मधे देशाची सुरक्षा मांडली. वर हे तो कौतुक केल्यासारखं सांगत होता.

"आन् बाकीच्या तालुक्यात?" मी विचारलं. "तिथं कोण राखणार?"

"असतंय कुणीतरी. परत्येक ठिकाणी कुणीतरी राखून ठेवतंच, वैनी. त्याच्यावर तर समदं चालतंय."

मी उभी राहिले. इतक्या वर्षांत त्याच्यावर मी पहिल्यांदा ओरडले असेन. "मग ऐका. आजपासून मी खरं लिवणार. पंधरा म्हंजी पंधरा. पाटी लावत न्हाई, समदं विकते, दुपारपर्यंत यंत्र हवा वढंल. तुमी बीडात भाषण करीत असताना इथली ॲम्ब्युलन्स रिकामी परत जाऊ द्या. कळू द्या एकदा समद्यांना तुमचा मृतसाठा काय हाय ते."

त्याने घड्याळ पाहिलं. बोलल्या त्या आत्याबाई. त्यांनी आधी लेकाकडे पाहिलं.

"तू थांब की मंग उद्याच्याला. तूच ने मला."

"आई, उद्या सकाळी दिल्लीत बैठक हाय. रातच्याच इमानानं जायचंय."

त्यांनी मान हलवली, जणू हे त्यांना आधीच माहीत होतं. मग माझ्याकडे वळल्या. आवाज चढवला नाही. आमच्या घरात त्यांनी माझ्याकडे कधी काही मागितलेलं मला आठवत नाही, सगळं हुकमानेच व्हायचं.

"बाई," त्या म्हणाल्या, "तू खरंच लिव. पर उद्या मंगळवार हाय गं."

मी त्यांच्या पायांकडे पाहिलं. नव्या लुगड्याच्या काठाखाली घोटे दिसत नव्हते, एवढी सूज होती.

दीर उठला, आईच्या पाया पडला, मला म्हणाला, "येतो वैनी." त्याची भाड्याची गाडी यंत्राच्या पलीकडे उभी होती. मी खुर्चीत बसले, मोबाईल घेतला, गट उघडला आणि पंधराच्या जागी अकरा लिहून पाठवलं. मग ड्रॉवरमधून पाटी काढली.

काचेतून त्याची गाडी मला दिसत होती. ती अजून रस्त्यालाही लागली नव्हती, तोच माझ्या अकराखाली पहिला अंगठा उमटला. त्याचाच होता.